उपासनेतील गायन आणि गाणाऱ्याचे अंतःकरण

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात गीतमंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'भाषण' हा शब्द पाहून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आजवर या संमेलनात आमच्या वाट्याला गाणेच आले. यंदा कोणती गीते बसवता, असे कार्यवाहांनी विचारले, तेव्हा आम्ही जरा भीत भीतच म्हटले की, यंदा गाण्याऐवजी आम्हांला थोडे बोलू द्यावे. त्यांनी ते उदारपणे मान्य केले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

आम्ही म्हणजे आपल्या मंडळीच्या गीतमंडळाचे एकोणीस जण. हे भाषण आमच्यापैकी तिघांनी लिहिले, चौघांनी त्यात खोडाखोड केली आणि उरलेल्यांनी 'इतके उघडे बोलू नका' असा सल्ला दिला. तो सल्ला आम्ही अर्धाच मानला आहे.

आपले बेळगाव गाण्याचे दर्दी गाव आहे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली येथून जवळच सुळेभावीला झाला. धारवाडही काही लांब नाही. इथे चहाच्या दुकानात कोणी बेसूर गुणगुणला तर शेजारचा मान वर करून पाहतो. अशा गावात गीतमंडळ चालवायचे म्हणजे तयार कानांच्या लोकांपुढे रोज परीक्षेला बसण्यासारखेच आहे. त्या परीक्षेत आम्ही बरे गुण मिळवले. मंडळ्यांच्या गायनस्पर्धेत सलग तीन वर्षे ढाल आपल्याकडे आली. ती याच संस्थेच्या कपाटात काचेमागे आहे आणि मघाशी आत येताना आपण सर्वांनी ती पाहिली असेल. ती मिळवताना काय झाले, ते आज सांगायचे आहे.

पूर्वी आपल्या उपासनेतील गीते पेटीवर काळी एक किंवा पांढरी दोन या पट्टीत लागत असत. बायकांना ती जरा खाली पडत, पुरुषांना सोयीची होत, मुले आणि म्हातारी माणसे आपापली वाट काढीत. पण गाता सर्वांना येत असे. आमच्या मुख्य गायिकेचा आवाज काळी पाचमध्ये खुलतो. तो तसा खुललेला आम्ही ऐकला आणि पट्टी चढवली. मग चालींत हरकती आल्या. मग दोन कडव्यांच्या मध्ये नुसत्या वाद्यांचा तुकडा आला, पेटीच्या जोडीला कीबोर्ड आला, गीताचे शब्द पडद्यावर दिसू लागले. यांतील एकही गोष्ट आम्ही वाईट हेतूने केली नाही. देवाला उत्तम तेच द्यावे असे आम्ही म्हणत होतो आणि ते आम्हांला खरेही वाटत होते.

त्याच सुमारास एका सणाच्या उपासनेचे ध्वनिमुद्रण करायचे ठरले. पहिल्या बाकावर एक आजी बसत. त्यांना उपासना संगीतातील कितीतरी गीते तोंडपाठ होती आणि त्या मोठ्याने गात, पण अर्धी मात्रा मागे. गीत संपले की त्यांचा शेवटचा शब्द एकटाच मागून येई. मुद्रणात ते चालण्यासारखे नव्हते. आमच्यापैकी दोघे त्यांच्या मुलाकडे गेले आणि 'आजींना जरा दाराशी, वाऱ्यावर बसवा, उकाडा फार आहे' असे सांगून आले. उकाडा खरोखर होता. पण सांगण्याचे कारण तो नव्हता, हे मुलाला कळले, आजींना कळले आणि आम्हांलाही कळत होते.

पुढे पावसाळ्यातल्या एका रविवारी गीताच्या मध्यावर वीज गेली. ध्वनिक्षेपक बंद पडला, कीबोर्ड मुका झाला, पडदा कोरा झाला आणि आम्ही सवयीने थांबलो. तेव्हा आम्हांला जे ऐकू आले ते आम्ही विसरणार नाही. मंदिरात कोणीही गात नव्हते. दीडदोनशे माणसे हात बांधून आमच्याकडे पाहत उभी होती. ती केव्हापासून गात नव्हती, कोण जाणे. आमच्या आवाजाखाली आम्हांला ते कधी समजलेच नव्हते. मग मागून, दाराजवळून, एक आवाज आला. आजी तेच कडवे पुढे म्हणत होत्या. त्यांच्यासाठी गीत थांबलेलेच नव्हते.

त्या दिवशी सरावाला आम्ही बसलो, पण पेटी उघडली नाही. तबला वाजवणारे आमचे बंधू जुने आणि स्पष्टवक्ते. ते म्हणाले, "लोक गात नाहीत हा दोष आपला नव्हे. आणि बेसूर गाणे म्हणजे भक्ती, असे कोणी मला शिकवू नये." वाद बराच रंगला. शेवटी ठरले की, याविषयी पवित्र शास्त्रात काय आहे ते तरी पाहावे. ते पाहण्यात पुढचे काही महिने गेले आणि जे दिसले ते आमच्यापैकी कोणाच्याच बाजूचे पुरतेपणी नव्हते.

तबलजी बंधूंची बाजू भक्कम निघाली. पहिल्या इतिहासग्रंथात दावीद राजा मंदिरसेवेसाठी गायकांची नेमणूक करतो, त्यांची संख्या २८८ दिली आहे आणि ते सर्व शिकलेले, निपुण होते असे मुद्दाम नोंदवले आहे. लेव्यांचा प्रमुख कनन्या याच्याकडे गायन शिकवण्याचे काम होते, कारण त्याला त्यातले कळत होते. म्हणजे शास्त्राने तालमीला कमी लेखलेले नाही. भक्ती आहे म्हणून तालीम नको, असे म्हणणाऱ्यांना तेथे काही आधार मिळत नाही.

पण त्याच शास्त्रात आमोसही आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात उत्तरेकडील इस्राएलात, दुसऱ्या यराबामाच्या कारकिर्दीत, सुबत्ता होती आणि बेथेलच्या पूजास्थानी उत्सव थाटाने होत होते. तेथे तकोवाचा हा मेंढपाळ आला आणि त्याने सांगितले की, देवाला या गाण्यांचा गोंगाट नको आहे, या वीणांचे सूर त्याला ऐकायचे नाहीत. त्याला न्याय हवा आहे. ध्यानात घ्या, बेथेलचे गायक बेसूर होते असे आमोस कोठेही म्हणत नाही. कदाचित ते उत्तमच गात असतील. आम्हांला तेच लागले.

आणखी एक गोष्ट सरावात एका मुलीच्या नजरेस आली, मोठ्यांच्या नव्हे. शौल राजाच्या उद्विग्न मनाला विसावा मिळावा म्हणून वाजवणारा माणूस शोधत होते, तेव्हा एका चाकराने दावीदाचे नाव सुचवले. त्याच्या शिफारशीत इतर गुणांबरोबर या दोन गोष्टी होत्या: हा वादनात कुशल आहे, आणि परमेश्वर याच्याबरोबर आहे. आमच्या स्पर्धेच्या गुणपत्रिकेत सूर, ताल, उच्चार आणि सादरीकरण असे चार रकाने होते. दुसऱ्या गोष्टीला रकाना नव्हता. तो असूही शकत नाही, कारण त्याचे गुण देणारा परीक्षक खुर्चीवर बसत नाही. पण रकाना नाही म्हणून ती गोष्टच नाही, असे आमच्या मनाने केव्हा धरले ते आम्हांला कळले नाही.

तोच दावीद पुढे कराराचा कोश नगरात आणताना देवापुढे भान विसरून नाचला, आणि मीखल राणीने ते खिडकीतून पाहिले. राजाला हे शोभते का, असे तिला वाटले. आम्ही ही कथा कितीदा ऐकली होती. परंतु ती खिडकीत होती, ही गोष्ट आम्ही प्रथमच नीट वाचली. सारे नगर मिरवणुकीत होते आणि एक माणूस वरून पाहत होते. आपल्या उपासनेत आम्ही सगळ्या मंडळीलाच खिडकीत नेऊन बसवले होते.

प्रभू येशूने गायल्याचा उल्लेख शुभवर्तमानांत फार थोडा आहे. शेवटच्या भोजनानंतर शिष्यांसह स्तोत्र म्हणून ते जैतुनांच्या डोंगराकडे गेले, इतकेच मत्तय आणि मार्क सांगतात. त्या माडीवर बाहेरचे ऐकणारे कोणी नव्हते. गाणाऱ्यांत मासे धरणारे होते, एक जकातदार होता. सूर लागला की नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. बाहेर रात्र होती, आणि पुढे काय व्हायचे ते त्यांच्यापैकी एकालाच ठाऊक होते. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गात होते, तेव्हा कैदी ऐकत होते हे खरे. पण पाय खोड्यात असलेली माणसे कैद्यांना ऐकू जावे म्हणून गात नसतात.

हा प्रश्न मंडळीच्या इतिहासात नवा नाही. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी सन ४०० च्या सुमारास आपली आत्मकथा लिहिली. तिच्या दहाव्या भागात ते कबूल करतात की, गीताच्या अर्थापेक्षा गाण्यानेच आपले मन अधिक हलले तर आपल्याला ते पाप वाटते. तरी मंडळीतले गाणे बंद करावे असे ते म्हणत नाहीत. मिलानच्या मंडळीचे गाणे ऐकून आपण रडलो होतो, ही आठवण त्यांना अडवते. इतका थोर मनुष्य दोन्हीकडे ओढला जातो, हे वाचून आम्हांला धीर आला. जॉन वेस्ली यांनी १७६१ साली गाणाऱ्यांसाठी काही सूचना छापल्या. त्यांत सर्वांनी गावे असे आहे, आणि आपलाच आवाज इतरांच्या वर काढू नये असेही आहे. शेवटच्या सूचनेत प्रत्येक शब्द उच्चारताना लक्ष देवाकडे असावे, असे आहे. ही सूचनांची यादी आम्ही सरावाच्या खोलीत भिंतीवर लावली आहे. तिच्या खालीच आमचा ढोलकीवाला रोज उशिरा येऊन टेकतो, हा भाग वेगळा.

जर्मनीत बाख १७२३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १७५० पर्यंत, लाइपझिगच्या मंदिरांसाठी संगीत रचीत होता. त्याच्याहून कसलेला कारागीर क्वचितच झाला असेल. तो आपल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी तीन अक्षरे लिही, त्यांचा अर्थ, गौरव केवळ देवाचे. हे आम्ही तबलजी बंधूंना सांगितले तेव्हा ते प्रसन्न झाले, कारण यात कौशल्य सोडावे लागत नव्हते.

अगदी अलीकडचे एक उदाहरण इंग्लंडातले आहे. १९९० च्या दशकात वॉटफर्ड येथील एका मंडळीला असे जाणवले की, आपल्या उपासनेत वाद्यवृंद फार झाला आणि अंतःकरण कमी झाले. त्यांनी काही काळ वाद्ये आणि ध्वनियंत्रणा दूर ठेवली. माणसे नुसत्या कंठाने गाऊ लागली. त्या अनुभवातून मॅट रेडमन या गीतकाराने 'द हार्ट ऑफ वर्शिप' हे गीत लिहिले. पुढे तेच गीत जगभर गेले, आणि आज ते रंगीत दिव्यांत, मोठमोठ्या वाद्यवृंदांसह गायले जाते. आम्हीही एका नाताळला ते कीबोर्डवर, सुरुवातीला लांबलचक तुकडा जोडून गायलो होतो. गीत कशावरून झाले, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते.

पण दूरची उदाहरणे किती द्यावीत? आपल्या घरात याहून मोठे उदाहरण आहे आणि त्याच्याकडे आम्ही शेवटी वळलो, ही आमची चूक म्हणावी लागेल.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते आपण सर्व गातो. मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या आधी मराठी उपासनेत परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरे पुष्कळ गायली जात. इंग्रजी चालीच्या मापात मराठी शब्दांचे हातपाय कधी ओढावे तर कधी दुमडावे लागत. अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा सुरू झाली होती. कृष्णराव सांगळे यांचे नाव त्या संबंधात आदराने घेतले जाते. टिळकांनी त्याच मातीत अभंग आणि ओवी पेरली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

यांतील क्रम पाहावा, अशी आमची विनंती आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस झाला. कवी म्हणून ते नवखे नव्हते. फुलामुलांचे कवी म्हणून मराठी वाचकांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि तो वाचक कोणत्या धर्माचा हे विचारून घेतले नाही. टाळ्यांची त्यांना वाण नव्हती. बाप्तिस्म्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत किती होती, हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात आहे. नवराबायकोची ताटातूट झाली आणि पुढे काही वर्षांनी संसार पुन्हा जुळला. ते पुस्तक वाचताना मनुष्य हसता हसता गप्प होतो. लक्ष्मीबाई नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवीत नाहीत. त्यांचा विसराळूपणा, तापटपणा, हातात पैसा न टिकणे, सारे सांगतात. असा मनुष्य जेव्हा भजन लिहितो, तेव्हा ते कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेले नसते, याची साक्ष ते पुस्तक देते.

आणि मग १९१७ साल. टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. व्यवहारी माणसाने हिशेब केला तर त्या दरबाराच्या खाती फारसे काही जमा दिसणार नाही. आम्ही तो हिशेब करू शकत नाही. आम्हांला इतकेच दिसते की, ज्याची गीते सर्व मराठी मंडळ्या गात होत्या, त्याला उतारवयात आणखी गीतांची, आणखी मोठ्या मेळ्याची भूक नव्हती. प्रभूच्या जवळ, कोणताही आडपडदा न ठेवता राहण्याची भूक होती. आधी ती भूक होती, म्हणून ती गीते झाली. ती गीते घेऊन आम्ही ढाल जिंकली. टिळकांना हे समजले असते तर ते रागावले असते की हसले असते, यावर आमच्यात एकमत नाही.

येथे गोमंतकाकडचे बंधुभगिनी बसले आहेत, म्हणून त्यांच्या ठेव्याचाही उल्लेख करतो. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांनी मराठीत सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला, तरी ते पुराण हस्तलिखित नकलांच्या रूपाने घराघरांत टिकले आणि मंगळुराकडे गेलेल्या कुटुंबांतही पोचले. ओवीला वाद्य लागत नाही, मंच लागत नाही, ऐकणारासुद्धा लागत नाही. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणते ती कोणासाठी? ही गोष्ट लहान वाटेल, पण सत्तेचा हुकूम तिच्यापुढे टिकला नाही.

आता पुन्हा आमच्याकडे वळतो. त्या आजी पुढच्या वर्षी अंथरुणाला खिळल्या. एका संध्याकाळी आम्ही सात जण त्यांच्याकडे गेलो. क्षमा मागावी असे मनात होते, पण शब्द कोणाच्याच तोंडून फुटेना. त्यांनीच एक जुने गीत म्हणायला सांगितले. ते आम्ही स्पर्धेत गायलो होतो; त्याला बक्षीसही होते. आम्ही सुरू केले, आणि दुसऱ्या कडव्याला आम्ही सातही जण अडलो. पडदा नव्हता, वही नव्हती. पहिले कडवे ताना घेऊन गाणाऱ्यांना दुसरे येत नव्हते. आजींनी ते म्हटले, बारीक आवाजात, मधे श्वास घेत, सर्व कडवी. आम्ही त्यांच्या मागोमाग, अर्धी मात्रा मागे राहून गात गेलो. गीत संपल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं, आलात. इथे उकाडा नाही." यात टोमणा होता की नव्हता, हे त्यांच्या मुलालाही सांगता आले नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या प्रभूकडे गेल्या.

तेव्हापासून आम्ही काय बदलले, ते थोडक्यात सांगतो. फार सांगावे असे त्यात काही नाही. सरावाचा पहिला अर्धा तास पेटीला हात लावत नाही. जे गीत येत्या रविवारी गायचे त्याचे शब्द वाचतो, त्यावर गप्प बसतो, एकमेकांसाठी प्रार्थना करतो. आरंभी हा अर्धा तास आमच्यावर फार जड जाई. घड्याळाकडे सर्वांचे लक्ष असे. कोणा दोघांत अबोला असेल तर तो याच अर्ध्या तासात बाहेर येतो, आणि एकदा तर पूर्ण सराव त्यातच गेला. त्या रविवारी आम्ही वाईट गायलो. पट्टी खाली आणली आहे. शेवटचे कडवे वाद्यांशिवाय, सर्व मंडळीने मिळून म्हणायचे असे पाळकसाहेबांच्या संमतीने ठरले आहे. गीते पाठ करतो.

याची किंमतही सांगितली पाहिजे, नाहीतर हे भाषण खोटे होईल. खालच्या पट्टीत आमच्या मुख्य गायिकेचा आवाज झाकतो. ती एक अक्षर बोलली नाही. पण देवाने दिलेले दान झाकणे हीसुद्धा भक्ती आहे का, हा प्रश्न तिच्या वतीने आम्ही स्वतःला विचारतो आणि त्याचे पक्के उत्तर आमच्यापाशी नाही. प्रभुभोजनाच्या वेळी मंडळी शांत असते, तेव्हा तिने तिच्या पट्टीत एकटीने गावे, असे सध्या केले आहे. दोन तरुण गीतमंडळ सोडून गेले. त्यांना येथे कंटाळा येऊ लागला होता. स्पर्धेला गेल्या वर्षी आम्ही गेलो नाही. यंदा जावे की न जावे यावर मतदान झाले, ते नऊ विरुद्ध दहा असे झाले. म्हणजे ढालीची ओढ अजून किती आहे, ते आपणच पाहा. आणि मंडळी पुन्हा गाऊ लागली आहे का? हळूहळू. मधले बाक अजून गप्प आहेत.

आता एक विनंती, आणि खरे पाहता तिच्यासाठीच आम्ही उभे आहोत. सुवर्णमहोत्सवानिमित्त विश्वस्तांनी मंदिरात गीतमंडळासाठी उंच व्यासपीठ आणि नवी ध्वनियंत्रणा देण्याचे जाहीर केले आहे. या प्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत. या संस्थेच्या वाचनालयात आम्ही लहानाचे मोठे झालो, तिच्या शिष्यवृत्तीवर आमच्यापैकी पाच जण शिकले. तिने देऊ केलेली गोष्ट नाकारणे आम्हांला सोपे नाही. पाळकसाहेबांचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचावा एवढा ध्वनिक्षेपक जरूर द्यावा. बहिऱ्या होत चाललेल्या वडीलधाऱ्यांना त्याची गरज आहे. व्यासपीठ मात्र देऊ नये. आम्हांला डाव्या बाजूला, बाकांच्या पातळीवर, मंडळीकडे तोंड न करता उभे राहू द्यावे. आमचे तोंड दिसावे असे त्यात काही नाही.

त्या रकमेतून शक्य झाल्यास मोठ्या टाइपातील गीतपुस्तके घ्यावीत, पहिल्या आणि शेवटच्या बाकांसाठी तरी. आजचे पुस्तक बारीक अक्षरांत आहे आणि पडदा खांबाआडून दिसत नाही, असे अनेकांनी आम्हांला सांगितले. पुस्तकाची बांधणी शिवलेली असावी, चिकटवलेली नको. ती दोन पावसाळे टिकत नाही.

सराव दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, संस्थेच्या मागच्या खोलीत असतो. ज्यांना गाता येत नाही असे वाटते, त्यांनीही पहिल्या अर्ध्या तासाला यावे. चपला बाहेर काढाव्यात आणि जाताना दार ओढून घ्यावे, कारण खोलीची कडी नीट लागत नाही.